राजसेवा की स्वतःचे औषधालय?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात तीन एषणांचा विचार आला आहे. प्राणैषणेनंतर आचार्यांनी लगेच धनैषणेचा उल्लेख केला आहे, कारण साधनहीन दीर्घायुष्यासारखे दुसरे पाप नाही अशी त्यांची स्पष्ट धारणा आहे. उपजीविकेची साधने सांगताना त्यांनी शेती, पशुपालन, व्यापार आणि राजसेवा ही एका दमात, एकाच मानाने सांगितली आहेत आणि सज्जनांनी निंद्य न मानलेली अन्य कर्मेही त्यांत धरली आहेत. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही उतरंड पुढे लोकव्यवहाराने लावली. चरकाचार्यांनी लावलेली नाही. हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की आपल्या वैद्यवर्गात नोकरी करणाऱ्याकडे काहीशा कणवेने आणि स्वतंत्र दवाखाना चालविणाऱ्याकडे काहीशा आदराने पाहण्याची रीत आहे. घरातील वडीलधाऱ्यांची दृष्टी नेमकी याच्या उलट असते. या दोन्ही दृष्टी बाजूला ठेवून हा प्रश्न नव्याने तपासावा असे आम्हांस वाटते. दरवर्षी आंतरवासिता संपवून बाहेर पडणारे तरुण पदवीधर आमच्याकडे येऊन एकच प्रश्न विचारतात: ‘सर, नोकरी धरू की दवाखाना टाकू?’ याला आपण बहुधा आपल्या स्वतःच्या आयुष्याचे समर्थन हेच उत्तर म्हणून देतो.

आमचा दवाखाना मांजरी बुद्रुक येथे आहे. वसंतदादा साखर संस्था आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांच्यामुळे हे नाव शेतीच्या जगात सर्वपरिचित आहे. लसनिर्मितीमुळे २०२१ पासून ते त्याबाहेरही पोहोचले. जून २०२१ अखेर जी २३ गावे पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली, त्यांत मांजरी बुद्रुकही होते. त्यामुळे आमच्या बाकावर एका वेळी दोन युगांतील रुग्ण बसलेले असतात. एक मळ्यात वाकून वाकून कटिशूल जडलेला आणि दुसरा संगणकापुढे बसून बसून तोच जडवून घेतलेला. अशा ठिकाणी स्वतंत्र व्यवसायाला वाव आहे हे खरे. पण सोलापूर रस्त्यावर हडपसरच्या दिशेने निघाले की मोठमोठी रुग्णालये लागतात आणि त्या रुग्णालयांना रात्रपाळीसाठी आयुर्वेद पदवीधर हवेच असतात, हेही तितकेच खरे. येथील तरुण वैद्याला दोन्ही वाटा घरापासून एका तासाच्या आत उपलब्ध आहेत. म्हणूनच निवड अधिक कठीण.

प्रथम नोकरीचे प्रकार पाहू. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या पिढीपुढे दोनच होते: खासगी रुग्णालयातील निवासी वैद्यकीय अधिकारी आणि आयुर्वेद महाविद्यालयातील अध्यापक. शासकीय गट-ब वैद्यकीय अधिकाऱ्याची जागा हा तिसरा, परंतु त्या जागा इतक्या थोड्या की त्यांना पर्याय म्हणण्यापेक्षा भाग्य म्हणणे योग्य. पुढे चित्र बदलले. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि कंत्राटी पदे निघाली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांत आयुष पदवीधरांना स्थान मिळाले. जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिकांची सेवा सुरू झाली; त्यांतील डॉक्टरांत आपले पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. २०१८ नंतर आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठी समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आले. महाराष्ट्रात त्यासाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, दरमहा २५,००० रुपये ठोक आणि १५,००० रुपयांपर्यंत कामावर आधारित मोबदला अशी आरंभीची रचना होती. खेड्यातील तरुण वैद्याला हा आकडा लहान नव्हता. मात्र कंत्राटाची टांगती तलवार त्याच्यासोबत आली, आणि त्या अभियानातील कर्मचारी नियमित सेवेच्या मागणीसाठी २०२३ मध्ये व पुन्हा २०२५ मध्ये संपावर गेले हे आपण पाहिले आहे. राजसेवा आहे, परंतु राजा दरवर्षी नव्याने आज्ञापत्र देतो, असा हा प्रकार.

नोकरीचे मोजमाप केवळ वेतनाने करू नये. आमच्या शास्त्रातच त्याचे एक उत्तम माप आहे, ते म्हणजे चिकित्सेचे चार पाद. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. कोणतीही नोकरी समोर आली की या चारांपैकी किती पाद आपल्या हाती राहतात, एवढे विचारावे. मोठ्या रुग्णालयातील रात्रपाळीचे उदाहरण घेऊ. रोगी तज्ज्ञ डॉक्टरांचा असतो. द्रव्य त्यांच्या लेखी सूचनेने ठरलेले असते. परिचारिका रुग्णालयाच्या सेवेत. आणि आपला पदवीधर? तो त्या सूचना अमलात आणतो, नोंदी ठेवतो, रात्री दोन वाजता दूरध्वनीवरून अनुमती घेतो. म्हणजे पदवीने भिषक् असलेला हा मनुष्य प्रत्यक्षात उपस्थात्याच्या जागी उभा असतो. उपस्थाता हा पाद कमी प्रतीचा नाही, दक्षता आणि शुचिता हे त्याचे गुण आचार्यांनी आवर्जून सांगितले आहेत. पण त्यासाठी साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता कोणी केली नव्हती.

तरीही आम्ही रात्रपाळीला सरसकट नावे ठेवणार नाही. आम्ही स्वतः पदवीनंतर तीन वर्षे ती केली आहे. हृद्रोगाचा झटका आणि आम्लपित्ताची जळजळ यांतील भेद रुग्णाच्या चेहऱ्यावरून ओळखणे, अतिसाराच्या बालकाला केव्हा आपल्याकडे ठेवायचे आणि केव्हा क्षणाचाही विलंब न लावता पुढे पाठवायचे, हे शहाणपण ग्रंथांतून येत नाही. ते रात्री जागून येते. आज आमच्या दवाखान्यात एखादा रुग्ण घाम पुसत आत शिरतो तेव्हा आधी तीच रात्रपाळी उपयोगी पडते, नाडी नंतर. परंतु हा लाभ पहिल्या दोन, फार तर तीन वर्षांत पदरात पडून जातो. चौथ्या वर्षापासून आपण फक्त आपली रात्र विकत असतो. आमच्या परिचयातील कित्येक बुद्धिमान पदवीधर अशा सेवेत दहा-बारा वर्षे काढून बाहेर आले, तेव्हा त्यांना गुग्गुळाचे चार कल्प आठवत होते पण त्यांची योजना करण्याचे धैर्य उरले नव्हते. चाळिशीत पहिला काढा लिहून देणे फार अवघड असते.

येथे कायद्याचा एक मुद्दा नोकरदार वैद्याने ध्यानात ठेवावा. आधुनिक औषधांच्या वापराविषयी महाराष्ट्रात आपल्या वर्गास राज्याच्या कायद्याने काही मुभा दिलेली आहे आणि तिच्या मर्यादांवर न्यायालयांत वारंवार वाद झाले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पूनम वर्मा प्रकरणात एका पद्धतीच्या पदवीधराने दुसऱ्या पद्धतीची औषधे देणे हीच निष्काळजी ठरविली, आणि १९९८ मध्ये मुख्तियारचंद प्रकरणात राज्याच्या कायद्याने दिलेल्या अधिकाराचे महत्त्व स्पष्ट केले. रुग्णालयात असताना ‘साहेबांनी सांगितले होते’ हे आपले कवच आहे असे तरुणांस वाटते. ते कवच कागदावर असल्याखेरीज कवच नव्हे. सूचना लेखी घ्याव्यात, व्यावसायिक दायित्वाचा विमा स्वतःच्या नावाने स्वतंत्र काढावा, आणि नोकरी कोणाचीही असली तरी नोंदणी आपली आहे याचा विसर पडू देऊ नये.

अध्यापनाची नोकरी ही यांत सर्वांत सन्मानाची, कारण तेथे निदान शास्त्राशी संबंध सुटत नाही. पण तिच्यातही एक जुना रोग आहे: नाव महाविद्यालयाच्या पटावर, देह आपल्या दवाखान्यात, आणि तपासणीच्या दिवशी मात्र दोन्ही एकत्र. बायोमेट्रिक हजेरी आल्यापासून हा प्रकार कठीण झाला आहे. तो पूर्ण बंद झाला तर ज्यांना खरोखर शिकवायचे आहे त्यांच्यासाठी जागा मोकळ्या होतील. दोन होड्यांवर पाय ठेवणाऱ्यांना ना स्वतंत्र व्यवसायी म्हणता येते ना नोकरदार. विद्यार्थ्यांचे मात्र दोन्हींकडून नुकसान होते.

आता स्वतंत्र व्यवसाय. याविषयी आपल्यात भावना फार आणि हिशेब थोडा. म्हणून हिशेबच मांडू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे घालावेत. समजा, गाळ्याचे भाडे १४,००० रुपये, मदतनीस १०,०००, वीज-दूरध्वनी-स्वच्छता व जैववैद्यकीय कचरा ४,०००, आणि फर्निचर व अनामत रकमेसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता ७,०००. एकूण ३५,००० रुपये. हे रुग्ण आला तरी आणि न आला तरी द्यावयाचे. एका रुग्णाकडून औषधांसह सरासरी २०० रुपये मिळतात आणि त्यांतील ७० रुपये औषधांचे, असे धरले तर हाती १३० राहतात. महिन्याचे कामाचे दिवस २६. मग रोज साधारण साडेदहा रुग्ण होईपर्यंत वैद्याच्या घरात एक रुपयाही जात नाही. दरमहा ४०,००० रुपयांच्या नोकरीशी बरोबरी साधण्यास रोज बावीस रुग्ण लागतात. पहिल्या वर्षी सरासरी आठ रुग्ण झाले, तर दरमहा सुमारे आठ हजारांची तूट, म्हणजे वर्षाला पंचाण्णव हजारांहून अधिक. घरखर्च वेगळा.

या हिशेबाने कोणी घाबरू नये, पण हा हिशेब न करता गाळा घेऊ नये. वर्षभराचा घरखर्च आणि वर्षभराची तूट एवढी रक्कम हाताशी असल्याशिवाय दवाखाना उघडणारा वैद्य सहाव्या महिन्यात घाबरतो. आणि घाबरलेला वैद्य प्रथम काय सोडतो? आयुर्वेद सोडतो. रुग्णाला आजच गुण हवा, शेजारच्या दवाखान्यात सलाईन मिळते, मग आपणही बाटली लावू. स्टिरॉईडची एक सुई दिली की दमेकरी दुसऱ्या दिवशी हसत येतो. असे करीत करीत ज्या व्यवसायाला आपण स्वतंत्र म्हणतो तो रुग्णाच्या उतावळेपणाचा दास होतो. अशा दवाखान्याच्या पाटीवर वैद्याचे नाव मोठ्या अक्षरांत असले, तरी रात्रपाळीच्या नोकरदाराहून त्याचे स्वातंत्र्य अधिक आहे असे आम्ही मानीत नाही. नोकरदारास एक मालक असतो; यास रोज बावीस.

या उलट, ज्याने पहिली दोन-तीन वर्षे तग धरली आणि पथ्य सांगण्याचा कंटाळा केला नाही, त्याच्या हाती चारही पाद येतात. द्रव्याच्या बाबतीत तर स्वतंत्र वैद्यास कायद्याने एक मोठे दान दिले आहे, ज्याचा उपयोग आपण फार कमी करतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आयुर्वेदिक औषधांसाठी १९६४ च्या दुरुस्तीने स्वतंत्र प्रकरण आले. त्यानुसार उत्पादनास परवाना लागतो, परंतु स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास त्यातून सूट आहे. अनुसूची ‘टी’ मधील उत्पादनाचे दंडकही अशा वैद्यास लागू होत नाहीत, मात्र ते औषध बाजारात विकावयाचे नाही. म्हणजे आपल्या रुग्णासाठी आपल्या खलात घोटलेली गुटी, आपण भरड करून दिलेला काढा, आपण सिद्ध केलेले तेल, हे आपले स्वातंत्र्य आहे. ते वैद्याचे आहे, दुकानाचे नव्हे. एखाद्या औषधालयाच्या मालकाने पगारी वैद्य बसवून त्याच्या हातून चूर्णे करवून घ्यावीत आणि काउंटरवरून कोणालाही विकावीत, तर ती सूट तेथे संपली असे समजावे.

येथे आम्ही आमच्या वाचकवर्गातील औषधालयचालकांशी थोडे स्पष्ट बोलू इच्छितो, कारण आज तरुण वैद्यांस नोकरी देणारा एक मोठा वर्ग तेच आहेत. तयार आयुर्वेदिक औषधांच्या विक्रीस स्वतंत्र विक्रीपरवाना लागत नसल्याने या व्यवसायात शिरणे तुलनेने सोपे आहे, स्पर्धा वाढली आहे, आणि दुकानात ‘वैद्य उपलब्ध’ अशी पाटी हे ग्राहक ओढण्याचे साधन झाले आहे. रुग्णास तपासणी विनामूल्य, वैद्यास मोबदला विक्रीवर. महिन्याची विक्री इतकी झाली तर इतका टक्का, अमुक कंपनीची स्कीम चालू असेल तर त्या कंपनीचे कल्प आधी. आमच्या मते आज आयुर्वेद पदवीधरास मिळणाऱ्या सर्व नोकऱ्यांत ही सर्वांत घातक आहे, रात्रपाळीहूनही. कारण रात्रपाळीत तो आपले शास्त्र वापरीत नाही, येथे तो ते वापरतो आणि वाकवतो. ज्या रुग्णाला लंघन आणि कोमट पाणी पुरे होते त्याला तीन बाटल्या घेऊन जावे लागते. लंघनावर टक्केवारी मिळत नाही. चिकित्सेचा बाजार मांडणाऱ्याला आचार्यांनी सोन्याऐवजी धूळ जोडणारा म्हटले आहे, तो हाच.

पण मालकांचे म्हणणेही ऐकून घ्यावे लागेल. ‘विक्री नाही तर वैद्याचे वेतन कोठून द्यावे?’ हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. उत्तर आमच्या परीने असे. तपासणी विनामूल्य ठेवणे हेच मूळ दुखणे आहे. रुग्णाकडून शंभर-दीडशे रुपये तपासणी शुल्क घ्यावे, ते संपूर्णपणे वैद्याचे असावे, आणि दुकानदाराने त्यास बसण्याची जागा व एक लहान ठोक रक्कम द्यावी. औषध कोणते लिहावे यावर वैद्याचा, आणि ते कोठून घ्यावे यावर रुग्णाचा अधिकार राहील. असे केल्यास पहिले सहा महिने विक्री घटेल हे आम्ही मान्य करतो. परंतु ज्या दुकानातील वैद्य ‘तुम्हांला औषधाची गरज नाही’ असे सांगू शकतो, त्या दुकानावर लोकांचा जो विश्वास बसतो तो कोणत्याही स्कीमने विकत मिळत नाही. आमच्या परिसरातच मांजरीच्या उपबाजारात शेतकरी आपला भाजीपाला स्वतः आणून स्वतः विकतो. गिऱ्हाईक त्याच्याकडे वळते ते भाव कमी म्हणून तर असेलच, पण पिकवणाराच समोर उभा आहे म्हणूनही.

नोकरी व स्वतंत्र व्यवसाय यांतील खरा भेद संकटकाळी कळतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा खासगी दवाखाने चालू ठेवावेत, अन्यथा कारवाई होईल, अशा नोटिसा काही महापालिकांनी काढल्या. नवी मुंबईतील एका खासगी डॉक्टरांना अशीच नोटीस मिळाली, त्यांनी दवाखाना चालू ठेवला, आणि जून २०२० मध्ये कोविडने त्यांचे निधन झाले. केंद्राच्या ५० लाखांच्या विमा योजनेखाली त्यांच्या पत्नीने केलेली मागणी अमान्य झाली. ते खासगी व्यवसायी होते आणि त्यांची सेवा शासनाने विधिवत अधिग्रहित केली नव्हती, असे कारण मिळाले. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये तेच मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र अशा डॉक्टरांच्या सेवेस त्या काळच्या आदेशांमुळे अधिग्रहणाचेच स्वरूप होते असे ठरवून, प्रत्येक दाव्याचा निर्णय पुराव्यानुसार करावा असे सांगितले. न्याय झाला, असे म्हणता येईल. परंतु मध्ये साडेपाच वर्षे गेली. दवाखाना उघडा ठेवण्याची सक्ती करताना ते डॉक्टर शासनाचे होते, आणि विम्याच्या वेळी ते खासगी झाले. स्वतंत्र व्यवसाय पत्करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण समजून घ्यावे, आणि अशा वेळी मिळालेली प्रत्येक नोटीस, प्रत्येक आदेश, त्या दिवसांतील रुग्णनोंदवही जपून ठेवावी.

विम्याबरोबरच वार्धक्याची तरतूदही येते. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत भविष्यनिर्वाह निधी लागू असतो आणि मालकाचा वाटा आपोआप जमा होतो. (तो खरोखर जमा होतो की नाही हे खात्याच्या उताऱ्यावर पाहावे, आमच्या परिचयातील एकाने सहा वर्षांनी पाहिले.) स्वतंत्र वैद्याचा मालकही तोच आणि नोकरही तोच, म्हणून दोन्ही वाटे त्यालाच भरावे लागतात. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीत वर्षास दीड लाखापर्यंत भरता येतात, खाते पंधरा वर्षांचे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना मे २००९ पासून सर्व नागरिकांस खुली आहे. चाळिशी ओलांडलेल्या आमच्या सहव्यवसायींना विचारले असता यांपैकी एकही खाते नसलेले बरेच निघतात. दवाखाना हाच आमचा निवृत्तिनिधी, असे ते म्हणतात. दवाखान्याची किंमत वैद्य खुर्चीत बसलेला असेतोवर असते.

मग तरुणाने काय करावे? आमचे मत असे की पदवीनंतर दोन ते तीन वर्षे नोकरी जरूर करावी, पण तिला मुदत घालून आणि हेतू ठरवून. त्यांतील निदान एक वर्ष अशा ठिकाणी जावे जेथे द्रव्य आणि कर्म डोळ्यांसमोर घडते: एखाद्या अनुभवी वैद्याकडे, पंचकर्म चालणाऱ्या रुग्णालयात किंवा रसशाळेत, वेतन अर्धे मिळाले तरी. वैद्य परशुराम यशवंत वैद्य खडीवाले यांनी आधी भारतीय वायुदलात नोकरी केली आणि नंतर पुण्यात वैद्यकी व औषधनिर्मिती उभी केली. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर त्यांच्या औषधालयाने आणि लेखणीने महाराष्ट्रातील घराघरांत स्थान मिळविले होते. नोकरीतील शिस्त पुढे व्यवसायात किती उपयोगी पडते याचे हे उदाहरण. त्याआधीच्या पिढ्यांत पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये ‘धूतपापेश्वर’ सुरू केले, केरळात पी. एस. वारियर यांनी १९०२ मध्ये कोट्टक्कल येथे आर्यवैद्यशाळा काढली. हे सर्व स्वतंत्र वैद्यच होते. पुढे त्यांच्या संस्था शेकडो लोकांना नोकरी देणाऱ्या झाल्या. तेव्हा नोकरी देणारा आणि नोकरी करणारा हे दोन वेगळे वर्ण नव्हेत. आज स्वतःचा मार्ग निवडणारा उद्या कोणाचा तरी मालक होणारच आहे, आणि तो कसा मालक होईल हा प्रश्न या चर्चेत कोणी विचारीत नाही.

तिसरी एक वाट आहे आणि ती या दोहोंच्या मधली आहे. पुण्यात टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ मध्ये आणि आयुर्वेद रसशाळा १९३५ मध्ये निघाली, ती एका वैद्याच्या भांडवलावर नव्हे. समाजातील अनेकांनी मिळून. अगदी आमच्या शेजारी मगरपट्ट्याच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन तुकड्यातुकड्याने बिल्डरांस न विकता एकत्र केली आणि ते त्या नगराचे भागधारक झाले. शेतकऱ्यांना जे जमले ते चार-पाच वैद्यांना का जमू नये? एकाच जागेत एकाने पंचकर्म, एकीने स्त्रीरोग व प्रसूतिपरिचर्या, एकाने बालरोग पाहावा, भाडे, मदतनीस, औषधसाठा सामाईक, उत्पन्न आपापले. वर मांडलेल्या हिशेबातील ३५,००० रुपयांचा भार चौघांत विभागला तर रोज साडेदहा रुग्णांची अट तीनांवर येते. जागा थोडी मोठी लागेल हे धरले तरी चार-पाच. आमच्या व्यवसायात हे होत नाही याचे कारण पैसा नसून पाटी आहे: पहिले नाव कोणाचे?

नोकरी देणाऱ्या वैद्यबंधू-भगिनींसाठी आणि औषधालयांसाठी आमच्या तीन सूचना आहेत. नियुक्तीपत्र लेखी द्यावे, त्यात वेतन, कामाचे तास, साप्ताहिक सुटी व नोकरी सोडण्याची पूर्वसूचना स्पष्ट असावी. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊ नयेत. प्रतींवर काम भागते. आमच्याही पदवीचे मूळ प्रमाणपत्र एका रुग्णालयाने अकरा महिने आपल्या कपाटात ठेवले होते आणि ते परत मिळविण्यास शेवटचे वेतन सोडावे लागले. ही प्रथा अजून संपलेली नाही, आणि ती आपल्यापैकीच काहीजण चालवितात हे लाजिरवाणे आहे. तिसरी सूचना रुग्णांच्या केसपेपरविषयी. सहायक वैद्य काम सोडून शेजारच्या गल्लीत दवाखाना उघडील या भीतीने त्यास रुग्णांशी बोलूच न देणारे ज्येष्ठ आम्ही पाहिले आहेत. केसपेपर दवाखान्याचे आहेत, रुग्ण कोणाचाच नाही. अंतर व मुदत किती असावी हे नियुक्तीपत्रातच परस्परसंमतीने लिहावे, म्हणजे पुढे कटुता येत नाही.

आणि संघटनेने करण्याजोगे एक काम. स्वतंत्र वैद्यास रजा नसते. आजारपण, मुलीचे लग्न, प्रसूती, काही असो, दवाखाना बंद म्हणजे उत्पन्न बंद आणि रुग्ण दुसरीकडे. भगिनी वैद्यांनी तर प्रसूतीनंतर दीड-दोन महिन्यांत पुन्हा खुर्चीत बसल्याची उदाहरणे आमच्या तालुक्यातच आहेत. याउलट नवीन पदवीधरास अनुभव हवा असतो आणि भांडवल नसते. प्रत्येक शाखेने बदली वैद्यांची एक यादी ठेवावी: नाव, नोंदणी क्रमांक, कोणत्या भागात येऊ शकतील, सकाळ की सायंकाळ. बदलीच्या काळातील तपासणी शुल्काचा अर्धा भाग त्यांचा, औषधांचा हिशेब दवाखान्याचा, आणि बदली वैद्याने त्या दवाखान्यापासून दोन किलोमीटरच्या आत दोन वर्षे स्वतःची पाटी लावू नये, असे साधे नियम पुरेसे होतील. हडपसर, मांजरी, लोणी काळभोर, उरुळी कांचन या पट्ट्यापुरती अशी यादी ठेवण्यास आम्ही तयार आहोत. इच्छुकांनी आपली नावे शाखेच्या कार्यवाहांकडे लेखी द्यावीत. दिवाळीपूर्वी पहिली यादी होऊ शकेल.